एमपीओ कनेक्टर: बारावा फायबर का टेकत नाही

फायबर-ऑप्टिक केबली जोडणाऱ्या साध्या एससी किंवा एलसी कनेक्टरमध्ये फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा धागा, एकच असतो. झिरकोनियाचं (कडक सिरॅमिकचं) गोल फेरूल, म्हणजे फायबर धरून ठेवणारा तुकडा, मधोमध भोक, टोक किंचित घुमटासारखं घासलेलं आणि मागे स्प्रिंग. दोन घुमट समोरासमोर आले की मधल्या बिंदूवर काच काचेला टेकणारच. एमपीओ कनेक्टरसारखे बारा फायबर एका ओळीत बसवायचे म्हटलं की हा मार्ग बंद होतो, कारण घुमटाला मध्य एकच असतो. फेरूल सपाट करावं लागतं आणि बाराही टोकं एकाच वेळी टेकवायची जबाबदारी डिझाइनवर येते. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल डुगडुगतं. इथे तर बारा पाय आहेत.

या लेखात सिंगल-मोड (बारीक कोरचा), बारा फायबरचा, तोंड ८ अंश तिरकं घासलेला एमपीओ डोळ्यासमोर ठेवला आहे. मल्टिमोडमध्ये (रुंद कोरच्या फायबरमध्ये) यातल्या निम्म्या अडचणी आपोआप सौम्य होतात. ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कोरला, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या मधल्या भागाला, एक-दीड मायक्रॉन इकडेतिकडे झालं तरी फारसं काही बिघडत नाही.

एमपीओच्या पोटात जे आयताकृती फेरूल असतं त्याला एमटी म्हणतात. ते १९८० च्या दशकात जपानच्या एनटीटी या दूरसंचार कंपनीने विकसित केलं. मापं तेव्हापासून जवळपास तीच आहेत: तोंड सुमारे ६.४ बाय २.५ मिमी, लांबी ८ मिमी, फायबरची भोकं २५० मायक्रॉनच्या अंतराने. दोन्ही बाजूंना ०.७ मिमीची गाइड पिनांची भोकं, त्यांच्या मध्यांतलं अंतर ४.६ मिमी. (एमटीपी हे यूएस कॉनेक कंपनीचं व्यापारी नाव. बाजारात दोन्ही शब्द सरसकट वापरतात, पण प्रत्येक एमपीओ एमटीपी नसतो.)

आधी आडव्या सरकण्याचा हिशेब. साध्या सिंगल-मोड फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरला प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास सुमारे ९.२ मायक्रॉन, म्हणजे त्रिज्या ४.६. दोन कोर एकमेकांपासून d मायक्रॉन सरकले तर प्रकाशाचं नुकसान (लॉस) साधारण ४.३४ × (d/४.६)² डेसिबल (डीबी). अर्धा मायक्रॉन सरकलं तर ०.०५ डीबी, एक मायक्रॉनला ०.२, दोन मायक्रॉनला ०.८. लो-लॉस कनेक्टरची नेहमीची कमाल मर्यादा ०.३५ डीबी. ती फक्त सरकण्यातच खर्च करायची म्हटली तरी १.३ मायक्रॉनच्या पुढे जाता येत नाही.

आता हे १.३ मायक्रॉन कुठे कुठे वाटले जातात ते बघा. कोर फायबरच्या अगदी मध्यावर नसतो, जी.६५२ या नेहमीच्या सिंगल-मोड प्रकारात त्याला ०.६ मायक्रॉनपर्यंत सूट आहे. फायबरचा व्यास १२५ मायक्रॉन, त्यात ०.७ ची घटबढ, आणि भोक फायबरपेक्षा थोडं मोठं ठेवावंच लागतं, नाहीतर फायबर आतच जाणार नाही. शिवाय मोल्डमध्ये भोकाची जागा चुकते ती वेगळी. गाइड पिन सुमारे ०.६९९ मिमीची आणि भोक ०.७०० चं, म्हणजे तिथेही थोडी ढिलाई. हे सगळं सरळ बेरजेने धरलं तर कनेक्टर बनणारच नाही; वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्यावं लागतं. म्हणजेच काही फायबर मर्यादेबाहेर जाणार हे आधीच मान्य करावं लागतं. एका फायबरच्या पास होण्याची शक्यता ९९ टक्के असेल तर बाराही पास होण्याची ८९ टक्के, चोवीस असतील तर ७९, बहात्तर असतील तर ४९. सरासरी लॉस दाखवून कनेक्टर विकणाऱ्याला म्हणूनच विचारावं, की बारापैकी सगळ्यात वाईट फायबरचा आकडा सांगा.

एवढं करूनही आडवं सरकणं हा सुटलेला प्रश्न म्हणायला हरकत नाही. मोल्ड चांगला असला आणि फायबर निवडून घेतला की ते जमतं. प्रत्यक्ष वापरातून परत येणारे कनेक्टर बहुतेक दुसऱ्याच कारणाने आलेले असतात: काच काचेला टेकलेली नसते.

फेरूल काचेची बारीक पूड भरलेल्या पीपीएस प्लास्टिकचं असतं. ते काचेपेक्षा मऊ, त्यामुळे शेवटच्या पॉलिशमध्ये जास्त झिजतं आणि फायबरची टोकं बाहेर डोकावू लागतात. हे मुद्दामच करायचं असतं. टोक १ ते ३.५ मायक्रॉन बाहेर हवं, म्हणजे जोडल्यावर फक्त फायबर भिडतात, फेरूल भिडत नाहीत. पण बाराही सारखेच बाहेर हवेत. शेजारच्या दोघांत ०.३ मायक्रॉनपेक्षा जास्त फरक नको आणि सगळ्यात उंच व सगळ्यात बुटक्या फायबरमध्ये ०.५ पेक्षा जास्त नको, असा नियम धरून काम करावं. कारण स्प्रिंगचं बळ १० न्यूटन आणि वाटेकरी बारा, म्हणजे एकाच्या वाट्याला ०.८३ न्यूटन. एससीमध्ये साधारण तेवढीच स्प्रिंग एकट्या फायबरमागे उभी असते. ०.८३ न्यूटनने काच फार दबत नाही, त्यामुळे बुटका फायबर हवेतच राहतो. हवेची फट राहिली की दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ०.३ डीबी जातात. ८ अंशांमुळे परत जाणारा प्रकाश कोरमधून निसटतो, तेवढी रिटर्न लॉसची (स्रोताकडे परत फिरणाऱ्या प्रकाशाच्या मोजमापाची) इभ्रत राहते. लॉसची भरपाई मात्र होत नाही.

ओळीच्या दिशेने तोंड किंचित तिरकं झालं तरी हेच होतं. टोकाचा फायबर मध्यापासून १.३७५ मिमीवर असतो. नुसत्या ०.१ अंशाच्या चुकीने तो २.४ मायक्रॉन मागे-पुढे जातो. फेरूल हाउसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) तरंगतं, मग ते आपोआप वळून जुळेल असं वाटतं. पण गाइड पिना त्याला वळू देत नाहीत. म्हणून इंटरफेरोमीटरवर (प्रकाशाच्या साहाय्याने पृष्ठभागाचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर) कोन मोजताना संदर्भ गाइड भोकांचा धरायचा, फेरूलच्या बाहेरच्या भिंतीचा नाही.

८ अंशांचा आणखी एक खर्च असतो. तिरक्या पृष्ठभागावर १० न्यूटन दाबले की सुमारे १.४ न्यूटन बाजूला वळतात आणि पिनेतली सगळी ढिलाई एकाच दिशेला खेचून घेतात. दिशा ठरलेली असते ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. डिझाइनमध्ये ती आधीच वजा करता येते.

जोडणी करताना

सुरुवातीची चूक सगळ्यात साधी आणि सगळ्यात चीड आणणारी: मागचा बूट, क्रिम्पची नळी, मागचं हाउसिंग, स्प्रिंग, पिन क्लॅम्प आणि फेरूलचा छोटा बूट हे सगळं रिबनमध्ये (बारा फायबरच्या चपट्या पट्टीत) आधी ओवायचं असतं, मग फायबर सोलायचा. फायबर चिकटवणारं इपॉक्सी पक्कं झाल्यावर स्प्रिंग टेबलावर दिसली तर तो फेरूल गेलाच.

सोलायला गरम स्ट्रिपर वापरा. थंड पात्याने काचेवर ओरखडे येतात आणि फायबर पुढे ओव्हनमध्ये तुटतो. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, धागे न सोडणाऱ्या कागदानेच. इपॉक्सी ३५३एनडी प्रकारचं असेल तर प्रमाण वजनाने १० ला १. डोळ्याच्या अंदाजाने नव्हे, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. मिसळल्यावर बुडबुडे काढून घ्या. फेरूलच्या खिडकीतून ते भरायचं आणि फायबर तोंडाबाहेर येईपर्यंत आत सरकवायचे. जोर लावायचा नाही. एक फायबर अडला तर सगळे मागे घेऊन पुन्हा ओवा. गाइड भोकांत तात्पुरत्या पिना घालून ठेवा. तिथे इपॉक्सीचा एक थेंब गेला तर पुढे पिन शिरत नाही, किंवा तिरकी शिरते, आणि ते दुसऱ्याच्या कनेक्टरचंही नुकसान करतं.

ओव्हनचं तापमान सावकाश वाढवा. झटक्यात तापवलं तर खिडकीतल्या हवेचे बुडबुडे फुगतात. नीट पक्कं झालेलं इपॉक्सी गडद तांबूस दिसतं. फिकट दिसत असेल तर पुढे जाऊ नका. अर्धवट पक्क्या इपॉक्सीत फायबर वापराच्या काळात हळूहळू मागे सरकतो. तपासणीला उत्तम असलेला कनेक्टर सहा महिन्यांनी एकाच फायबरवर नापास होतो तो यामुळेच.

पॉलिशमध्ये आधी तोंडावरचं इपॉक्सी खरखरीत फिल्मने काढायचं, मग ९, ३, १ मायक्रॉन असं खाली यायचं आणि शेवटी केसाळ फिल्मने फायबर वर काढायचे. खालची रबरी गादी मऊ असेल तर फायबर चांगले वर येतात, पण फेरूलच्या कडेला गादी उचलली जाऊन टोकाचे फायबर जास्त झिजतात आणि ओळीला कमान येते. गादी कडक असेल तर ओळ सरळ राहते, पण फायबर बाहेर येत नाहीत. यातला समतोल प्रत्येक मशीनवर वेगळा. पुस्तकी आकडा चालत नाही, इंटरफेरोमीटरच सांगतो. पहिला आणि बारावा फायबर कायम बुटके येत असतील तर आधी दाब कमी करा, मग गादी बदला.

धूळ

दोन्ही बाजूंचे फायबर दोन-दोन मायक्रॉन बाहेर असतील तर फेरूलमध्ये चार मायक्रॉनची फट उरते. त्याहून मोठा कडक कण फेरूलवर कुठेही बसला, अगदी फायबरपासून मिलिमीटरभर लांब, तरी तो बाराही फायबर उचलून धरतो. म्हणून नुसता कोर तपासून पुरत नाही, फेरूलचं तोंड आणि गाइड पिनेचं मूळही बघावं लागतं. पिनेभोवतीचा कचरा काढायला नेहमीचा क्लिक करणारा क्लीनर पुरा पडत नाही, कारण त्याची पट्टी दोन पिनांच्या मधूनच फिरते.

पिनांवरून आठवलं: पिना असलेला मेल, नसलेला फीमेल. ट्रान्सीव्हरमध्ये (प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या उपकरणात) पिना असतात, त्यामुळे त्याच्याकडे जाणारा पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी केबल) फीमेलच हवा. मेल-मेल घुसवले तर पिना वाकतात किंवा समोरचं तोंड खरवडतं. फीमेल-फीमेल बिनतक्रार क्लिक होतात, आणि लॉस इतका येतो की माणूस फायबर तुटला समजून ओटीडीआर (फायबर कुठे तुटला ते शोधणारं यंत्र) काढतो. सिंगल-मोड तिरक्या टोकाला दोन्ही की (कनेक्टरच्या एका बाजूचे उंचवटे) वर असणारा ॲडॅप्टर चालत नाही: दोन उतार एकाच बाजूला येतात आणि मध्ये पाचरीसारखी फट पडते. एक की वर, एक खाली, हीच जोडी लागते. पांढरा ठिपका पहिल्या फायबरची बाजू दाखवतो. टायप ए, बी, सी केबलींचे (दोन टोकांतला फायबरचा क्रम वेगवेगळा असलेल्या) घोळ त्यावरूनच उलगडतात.

फायबरची संख्या वाढवायची म्हटली की वाटणीचा प्रश्न पुन्हा डोकं वर काढतो. एकाहून जास्त ओळींच्या फेरूलला २० न्यूटनची स्प्रिंग देतात. चोवीसला ते ठीक, ४८ ला एकाच्या वाट्याला ०.४२ न्यूटन, ७२ ला ०.२८. स्प्रिंग आणखी कडक केली तर हाउसिंगच्या लॅचवर ताण येतो आणि फेरूल वाकतं. २०१३ मध्ये आलेल्या ६४ फायबरच्या एमएक्ससी या कनेक्टरने म्हणूनच काच टेकवण्याचा नादच सोडला आणि प्रत्येक फायबरपुढे भिंग ठेवलं. किरण रुंद झाला की धुळीचा कण त्याचा छोटासाच भाग अडवतो आणि आडव्या सरकण्याला जास्त सूट मिळते. मोबदल्यात कोनाची सूट आक्रसते आणि भिंगाच्या पृष्ठभागांवर परावर्तन कमी करणारा थर द्यावा लागतो.

जो जोड पुन्हा कधीच उघडायचा नाही, तिथे यातलं काहीच करू नका. रिबन स्प्लायसर बाराही फायबर वितळवून एका दमात जोडतो, आणि चांगला स्प्लाइस (असा कायमचा जोड) कुठल्याही एमपीओपेक्षा कमी प्रकाश खातो.