दिवाणजींचा कॉम्प्युटर लिनक्सवर नेताना

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सोलापुरात मामांच्या टॉवेलच्या पेढीवरचा जुना कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला. रॅम चार जीबी, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप त्यात नाही. मामा म्हणाले, "काय बे, नवीन घ्यायला लावू नको. तुझं ते फुकटातलं बसव. पण दिवाणजींचं काम अडता कामा नये."

नवख्याला लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, सुचवणारे बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरची लांबलचक यादी हातात ठेवतात. मी दिवाणजींच्या शेजारी खुर्ची टाकली आणि ते दिवसभर काय काय उघडतात ते बघत बसलो. एक्सेलमध्ये दरपत्रकं, ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप आणि जीएसटी पोर्टल, पीडीएफची प्रिंट, दुपारी जुनी गाणी. झालं.

मग लिनक्स बाजूलाच ठेवून विंडोजवरच एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आणि गाण्यांसाठी व्हीएलसी टाकलं. ही तिन्ही दोन्हीकडे चालतात. लिब्रेऑफिसमध्ये दोन गोष्टी लगेच बदलाव्यात: 'व्ह्यू'मधल्या 'यूजर इंटरफेस'मध्ये जाऊन टॅबवाला मेनू निवडायचा, म्हणजे एक्सेलची सवय असलेला माणूस बावरत नाही, आणि फाइल आपोआप एक्सेलच्या एक्सएलएसएक्स प्रकारात सेव्ह होईल असं ठरवून द्यायचं, नाहीतर फाइल उघडत नाही म्हणून व्यापाऱ्यांचे फोन येतात. याची सवय झाल्यावरच लिनक्सच्या मिंट या प्रकाराची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घातली. ती जुन्या मशीनला झेपते. त्याआधी पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून प्रिंटर आणि वायफाय तपासले. हे तपासल्याशिवाय कुणाची डिस्क पुसू नये.

खरी कसोटी मराठीची. दिवाणजींची जुनी पत्रं नॉन-युनिकोड फॉन्टमधली. तो फॉन्ट नसला की 'मे.' आणि 'सप्रेम नमस्कार'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून विंडोज असतानाच त्या सगळ्यांच्या पीडीएफ करून ठेवल्या. नवीन पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते.

टायपिंगला इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड लेआउट सुचवला, त्याचं कारण सोलापुरीच आहे. दिवाणजींच्या घरी तेलुगू, पेढीवर मराठी आणि निम्मी गिऱ्हाइकं कन्नड. इन्स्क्रिप्टमध्ये 'के'ची कळ दाबली की मराठीत क येतो, लेआउट बदलून तीच कळ दाबली की तेलुगूतला क, कन्नडमध्येही तोच. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये तिन्ही लेआउट जोडून दिले. दिवाणजींनी पहिल्यांदा स्वतःचं नाव तिन्ही लिप्यांत एकाखाली एक टाइप केलं, प्रिंट काढली आणि काचेखाली सरकवली. आता मराठी पत्र ते माझ्यापेक्षा जलद करतात.

त्यानंतर एकच गोष्ट चालू केली: मिंटसोबतच येणारा टाइमशिफ्ट. एखाद्या अपडेटने सिस्टिम बिघडली तर आदल्या स्थितीत परत जाता येतं. मात्र तो सिस्टिमच्या फाइली जपतो. हिशेबाच्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर. गिंप, इंकस्केप वगैरे चित्रांची सॉफ्टवेअर मुद्दाम नाही टाकली. कुणी मागितलं तर सॉफ्टवेअर मॅनेजर आहेच.

हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्या, नव्या मशीनवर विंडोजमध्येच आहे. वाइन, म्हणजे विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम, वापरून ते लिनक्सवर चालवून देतो म्हणणारे भेटतात. जीएसटी रिटर्नच्या आदल्या रात्री ते फोन उचलणार असतील, तर खुशाल करून घ्या.