कॅमेऱ्यासमोर धीट होण्याची नोंदवही : पावसाळा सरल्यानंतरचा टप्पा

मंडळी, दिवाळीचे पाहुणे यायच्या आत व्हिडिओ तयार हवे असतील तर कामाला लागायची वेळ हीच. होमस्टे असो, घरगुती कोकम-आंबापोळी असो की काजूचा कारखाना, ज्यांचा नुसता हात आणि आवाज दिसण्या-ऐकण्याइतका सराव झालाय त्यांनी आता चेहरा दाखवायचा. या टप्प्यात काय पक्कं झालं आणि काय अजून लटकतंय, त्याची ही नोंद.

पक्कं : वेळ सकाळचीच

सूर्यास्ताचा मोह सोडा. आपल्या कोकणाचा समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी समुद्र पाठीशी घेऊन उभं राहिलं की सूर्य पाठीमागे जातो, आभाळ झकास येतं आणि बोलणाऱ्याचा चेहरा तव्याच्या बुडासारखा काळा. उजेड वाढवून चेहरा वर आणला तर आभाळ पांढरंफटक होतं. त्यात दुपारपासून खारे वारे जोर धरतात, म्हणजे आवाजही गेला.

सकाळी सगळं उलट. पूर्वेकडे तोंड केलं की चेहऱ्यावर उजेड, पाठीशी समुद्र, आणि मतलई वारे मंद असतात. ऑक्टोबरात साडेसात ते नऊ ही वेळ धरा. किनाऱ्यालगत उंच सडा (कातळाचं पठार) असेल तर ऊन वाळूवर उतरायला उशीर लागतो. तो मधला मऊ उजेड सर्वात चांगला, डोळेही बारीक होत नाहीत. ऊन आलंच तर तोंड थोडं तिरकं करा आणि रेकॉर्डिंग सुरू होईपर्यंत डोळे मिटून ठेवा.

माडाखाली उभं राहू नका. सावली दिसते खरी, पण झावळ्यांतून पडणारे कवडसे चेहऱ्यावर नाचतात आणि फोनचा उजेड दर क्षणाला वरखाली होतो. त्यापेक्षा पडवी बरी. पडवीच्या कडेपासून हातभर आत, तोंड अंगणाकडे. फक्त अंगण लाल मातीचं आणि भिंत चिऱ्याची असेल तर हनुवटीखाली तांबूस झाक येते. समोर जमिनीवर पांढरी चादर अंथरली की ती जाते. चादरीचा दुसरा फायदा म्हणजे डोळ्यांखालची सावलीही हलकी होते.

घरात ट्यूबखाली चित्रीकरण केलं की पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, तर फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) आणि १/६० सेकंदाच्या शटरवर (प्रत्येक चित्राला उजेड घ्यायचा वेळ) चालतो. त्या दोघांचं जुळत नाही, म्हणून हे होतं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे हे आकडे हाताने बदलता येतात तिथे, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. जमल्यास फ्रेम २५ करा. काही फोनांत हा पर्याय सेटिंगमध्ये ‘पाल’ या नावाखाली दडलेला असतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करायला विसरू नका.

पक्कं : आवाज

फोनचा स्वतःचा माइक किनाऱ्यावर निरुपयोगी. कॉलरचा माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावा, त्यावर केसाळ टोपी घाला. स्पंजची टोपी पंख्याच्या वाऱ्यापुरती ठीक, समुद्राच्या वाऱ्याला पुरत नाही. साडी असेल तर पदराच्या विरुद्ध बाजूला, आणि मंगळसूत्र त्यावर आपटत नाही ना हे पाहून. बांगड्या किणकिणतात त्याकडेही लक्ष द्या. बघताना कळत नाही, हेडफोनवर कळतं. म्हणून दहा सेकंद बोलून आधी हेडफोनवर ऐका, मग खरं काम सुरू करा.

घरात पंखा आणि फ्रिज बंद, फोन विमान मोडवर. बंद केलेल्या फ्रिजवर स्कूटरची चावी ठेवा, म्हणजे बाहेर पडताना फ्रिज आठवेल. सुरमई खराब होण्यापेक्षा हे बरं.

अर्धवट : चेहरा

इथेच बहुतेक जण अडतात, आणि त्यातला मोठा भाग धीटपणाचा नसून मांडणीचा आहे. सेल्फी कॅमेरा वापरला की नजर पडद्यावरच्या स्वतःकडे जाते आणि बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस माझ्या खांद्याकडे बघून बोलतोय. मागचा कॅमेरा वापरा. चित्रही त्याचंच सरस येतं. लेन्सच्या बाजूला एक लाल टिकली चिकटवा आणि तिच्याशी बोला. लेन्स डोळ्यांच्या उंचीवर हवी; फोन खाली ठेवला तर नाकपुड्या आणि पंखा दिसतो.

टिकलीशी बोलणं पोकळ वाटत असेल तर फोनच्या मागे घरातलं कुणी उभं करा, ज्यांना खरोखर उत्सुकता आहे असं. “काकू, मी तुम्हाला आगळ दाखवते” (आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस) म्हणून सुरुवात केली की आवाज आपोआप रोजचा होतो. मात्र मागच्या माणसाने मान डोलवावी, तोंडाने “हो हो” म्हणू नये.

हात कुठे ठेवायचे हा प्रश्न हातात वस्तू दिली की मिटतो. पाठांतर करू नका. एक शब्द विसरला की पुढची सगळी गाडी रुळावरून उतरते. पुठ्ठ्यावर चार मुद्दे मोठ्या अक्षरांत लिहून लेन्सखाली लावा. अर्ध्या मिनिटात साठेक शब्द मावतात, त्याहून जास्त कोंबले की श्वास तुटतो आणि वाक्याचा शेवट गिळला जातो. नमुना असा :

“हे आगळ. यात मीठ आहे, साखर नाही. सोलकढीला हेच लागतं. आणि हे अमृत कोकम, साखरेतलं. यात गार पाणी घातलं की सरबत. दोन्ही लाल, म्हणून बाटल्या बदलतात आणि सोलकढी गोड होऊन बसते. घेताना लेबल वाचा. आमच्याकडे दोन्ही मिळतं, वेंगुर्ल्याहून पार्सल पाठवतो.”

सुरुवातीला “येवा, कोकण आपलोच आसा” नको. सगळेच तेच म्हणतात आणि बघणाऱ्याचं बोट पुढच्या व्हिडिओकडे सरकतं. पहिल्या तीन सेकंदांत बाटली दिसली पाहिजे. मालवणीत बोलायचं की पुस्तकी मराठीत? घरात जशी बोलता तशीच बोला आणि खाली अक्षरं द्या. मालवणी माणूस पुस्तकी बोलायला लागला की मान ताठ होते, ते कॅमेऱ्यात लगेच दिसतं.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर दोन सेकंद गप्प राहा, श्वास सोडा, आधी हसा आणि मग बोला. बोलल्यावर हसू आलं तर ते चिकटवल्यासारखं दिसतं. शेवटीही दोन सेकंद तसंच थांबा, नाहीतर प्रत्येक व्हिडिओ फोनकडे झेपावणाऱ्या हातावर संपतो.

स्वतःचा व्हिडिओ लगेच बघू नका, दुसऱ्या दिवशी बघा. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये तो पातळ आणि परका वाटतो. चेहराही आरशात उलटा बघायची सवय असते, म्हणून सरळ दिसला की वाकडा वाटतो. दोन्ही गोष्टी फक्त आपल्यालाच जाणवतात. आधी आवाज बंद करून बघा (हात, नजर), मग डोळे मिटून ऐका (वेग, गिळलेले शब्द). एका वेळी एकच दोष दुरुस्त करायचा.

मालाबद्दल

आगळाची बाटली कॅमेऱ्यात शाईसारखी दिसते. बाटलीच्या मागे, तिच्याहून थोडा अरुंद पांढरा कागद तिरका उभा करा आणि उजेड बाजूने किंवा मागून येऊ द्या; रंग खुलतो. लेबलवरचा चौदा अंकी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक वाचता येईल इतका वेळ बाटली स्थिर धरा. “मधुमेह बरा होतो” असलं काही बोलू नका, खाद्यपदार्थाला औषधी दावा चालत नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा हंगामात पेटी दाखवताना बाग कुठली ते नेमकं सांगा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन आहे, हे फार कुणी सांगत नाही.

फोनची निगा

खाऱ्या हवेचा थर लेन्सवर बसला की उजेडाभोवती धुकं दिसतं, आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. आधी फुंकर मारून वाळू उडवा, मग किंचित ओल्या मऊ फडक्याने, मग कोरड्याने पुसा. पदराने किंवा लुंगीने घासू नका. एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलात तर काचेवर वाफ धरते. फोन पिशवीत गुंडाळून पडवीत पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग काढा.

लटकलेलं

दोघांनी एकत्र बोलायचं गणित अजून बसत नाही. एक माइक दोघांच्या मधे ठेवला की एकाचा आवाज लांबून येतो. दोन माइकांचे वायरलेस संच मिळतात, पण दोघे खेटून बसले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकातही शिरतो आणि घुमतो. तूर्त दोघांमध्ये हातभर अंतर ठेवून, जोडणी (एडिटिंग) करताना गप्प असलेल्याचा माइक बंद करणं हाच उपाय चालू आहे. नवरा-बायको मिळून होमस्टे चालवणाऱ्यांना याची गरज जास्त, त्यामुळे पुढची नोंद त्यावर. व्हिडिओ एकमेकांना दाखवायला व्हॉट्सअॅपवर पाठवाल तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर दाबला जातो आणि फोकस गेला होता की नाही हेच कळत नाही.