भाषण येऊन रायलं : टेलिप्रॉम्प्टर लावण्याचा माझा अनुभव

कोणत्या तरी नेत्यासाठी टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे भाषण समोरच्या काचेवर दाखवणारं यंत्र, लावायचं काम तुमच्याकडे आलं, तर भाडं किती, काचा कुठून आणायच्या, ऑपरेटर कुठला, हे सगळं नंतर विचारा. आधी एकच विचारा: भाषणाचा मजकूर कोण देणार, कधी देणार आणि कोणत्या फॉन्टमध्ये देणार. मी हे लिहितोय तेव्हा कार्यक्रम होऊन बरेच दिवस झालेत, तरी त्या नेत्याच्या कार्यालयाबाहेरचा सोफा आठवला की अजून डोकं तापतं.

नागपुरात आमचा मंडप आणि साउंडचा धंदा वडिलांपासूनचा. त्यांनी विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोट्यांच्या सभांना माइक लावलेले. हातात कागद नाही, टिपण नाही, माणूस बोलायला उभा राहिला की मैदान हलायचं, असं ते अजून सांगतात. मी टेलिप्रॉम्प्टरचं काम घेतलं म्हणून घरी बोललो तर म्हणाले, "म्हणजे आता भाषणं पण भाड्यानं देऊन रायला का बे?" त्यांना समजावणं मी सोडून दिलं.

काम हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांतलं. रेशीमबागेकडच्या एका सभागृहात एका मोठ्या परिषदेचं उद्घाटन होतं आणि येणाऱ्या साहेबांनी (नाव लिहीत नाही, कार्यालयाचंही नाही) दोन काचांचा प्रॉम्प्टर हवा म्हणून कळवलं होतं. सामान मुंबईहून आलं, सोबत ऑपरेटरही आला. सामानाची यादी, माणसांची आधार कार्डं, पासेस, पोलिसांकडचं पत्र, यांत काहीच अडलं नाही.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोडियमच्या डाव्या-उजव्या बाजूला बारीक दांड्यांवर दोन तिरप्या काचा असतात. आपल्याकडे निम्म्या लोकांना त्या बुलेटप्रूफ वाटतात. आमच्या मंडपवाल्या पोरांनीही तेच विचारलं. प्रत्येक काचेखाली जमिनीवर एक मॉनिटर आकाशाकडे तोंड करून ठेवलेला असतो आणि त्यावर अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी, सरकत असतात. काचेवरच्या लेपामुळे त्यांचं प्रतिबिंब पडतं आणि बोलणाऱ्याला ती सुलटी दिसतात, समोरच्या लोकांना मात्र आरपार माणूस दिसतो. काचा दोन असतात, कारण साहेब डावीकडून उजवीकडे मान वळवत वाचतात आणि पूर्ण सभागृहाशी बोलल्यासारखं वाटतं. आणि मजकूर आपोआप पळत नाही. विंगेत बसलेला ऑपरेटर कान लावून ऐकतो आणि हातातल्या चक्रीनं ओळी सरकवतो. साहेब थांबले की तो थांबतो. चांगला ऑपरेटर वक्त्याला कधीच पळवत नाही, त्याच्या मागे चालतो.

काचेची उंची साहेबांच्या डोळ्यांच्या रेषेत बसवावी लागते, म्हणून त्यांची उंची आधी विचारून ठेवा. मी विचारली तर साहेबांचे पीए म्हणाले, "उंची कायले पायजे, शिवून रायले का काही?"

आता मूळ दुखणं. भाषण आदल्या दिवशी दुपारी मिळणार असं ठरलं होतं. दुपारी फोन केला, "येऊन रायलं." चार वाजता केला, "येऊनच रायलं भाऊ." शेवटी मी आणि ऑपरेटर सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांच्या बंगल्यावर, तिथल्याच त्यांच्या कार्यालयात, जाऊन बसलो. अधिवेशनाचे दिवस, म्हणजे बंगल्यात जत्रा. निवेदनं घेऊन आलेले शिक्षक, बदलीवाले, गावचे सरपंच, आणि त्यांच्या मधोमध आम्ही दोघं लॅपटॉप मांडीवर घेऊन. चहा तीनदा आला, भाषण एकदाही नाही.

तिथे बसून मला जे कळलं ते असं. साहेबांचं भाषण कोणी एक माणूस लिहीत नाही. खात्याकडून आकडे येतात. ते घेऊन एक जण मसुदा करतो. ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) मॅडम त्यावर लाल पेनानं खाडाखोड करतात. मग टायपिस्ट ते परत टाइप करतो, प्रिंट साहेबांकडे जाते, साहेब गाडीत वाचतात आणि दोन परिच्छेदांवर काट मारून "हे नको" म्हणतात. मग सगळं पहिल्यापासून. कागदावर बोलणाऱ्याला हे चालतं, कारण शेवटचं पान व्यासपीठावर चढता चढता हातात दिलं तरी काम भागतं. काचेवर बोलणाऱ्याला चालत नाही. पण हा फरक त्या कार्यालयात कोणाच्याही खिजगणतीत नव्हता. पीएंचं आपलं एकच: "कागद लावायचा ना काचेवर? मग लावा ना सकाळी." काचेवर कागद चिकटवतात असंच त्यांना वाटत होतं आणि मी नाही म्हटल्यावरही फारसा फरक पडला नाही.

ऑपरेटर मुरलेला होता, तो शांत. बसल्या बसल्या मला धंद्यातल्या गोष्टी सांगत होता. हे यंत्र 1950च्या सुमाराला अमेरिकेत टीव्हीवरच्या नटांना संवाद आठवावेत म्हणून निघालं, आणि 1952 साली शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनात माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी ते वापरलं, तेव्हापासून नेत्यांना त्याची चटक लागली. 1993च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन अमेरिकेच्या संसदेसमोर आरोग्य योजनेवर बोलायला उभे राहिले तर काचेवर भलतंच, आधीचंच एक भाषण. बरोबर मजकूर चढेपर्यंत सुमारे सात मिनिटं त्यांनी तसंच निभावलं. "चुकीची फाइल," ऑपरेटर म्हणाला, "म्हणून मी नाव बघितल्याशिवाय फाइल उघडत नाही." आणि 2025च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांत ट्रम्प यांचा प्रॉम्प्टर बंद पडला, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरूनच ऑपरेटरची आता खैर नाही अशी दटावणी दिली. नंतर संयुक्त राष्ट्रांकडून सांगण्यात आलं की तो चालवणारी माणसं व्हाइट हाउसचीच होती. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला त्या वेळी समजलं नाही. दुसऱ्या दिवशी समजलं.

आपल्याकडची गोष्ट मी काढली. जानेवारी 2022ला दावोसच्या ऑनलाइन परिषदेत मोदी मध्येच थांबले आणि प्रॉम्प्टर बंद पडला म्हणून देशभर टवाळी झाली. पुढे तथ्यतपासणी करणाऱ्यांनी ते चित्रण नीट पाहून, आवाज आणि भाषांतर सगळ्यांपर्यंत पोचतंय का याची विचारणा झाल्यामुळे ते थांबले असावेत असं दाखवलं. पण टवाळी राहिली ती राहिलीच. मला त्यात एकच गोष्ट खटकते. मुख्यमंत्री असोत की पंतप्रधान, धोरणाचं भाषण लिहून आणलेलं बरं. आकडा चुकला तर तोच व्हिडिओ वर्षभर फिरतो. प्रॉम्प्टर वापरला म्हणून कोणी हसू नये, वाचून मान न वर करणाऱ्याला खुशाल हसा.

असो. रात्री साडेनऊच्या पुढे भाषण आलं. व्हॉट्सॲपवर. छापील पानांचे फोटो, त्यावर लाल पेनाच्या दुरुस्त्या, एका पानाच्या कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा. मी म्हटलं, मॅडम, फाइल द्या. त्या म्हणाल्या, फाइल टायपिस्टकडे. टायपिस्ट घरी गेलेला. त्याला फोन करून फाइल मागवली आणि उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. जुना फॉन्ट!

हे ज्यांना माहीत नाही त्यांनी इथे थांबून नीट वाचा, अर्धी रात्र वाचेल. कृतीदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी हे कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, वरून फॉन्टनं मराठी मुखवटा घातलेला असतो. प्रॉम्प्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये तो फॉन्ट नसेल तर मुखवटा गळतो. मग कन्व्हर्टर लावून युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळेल असं खरं मराठी, करावं लागतं. कन्व्हर्टर शंभरातले पंच्याण्णव शब्द बरोबर करतो आणि उरलेल्या पाचांत तुमची अब्रू घालवतो. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, ती कधी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. रफार पुढे सरकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "शेतकऱ्यांना"चं "शेतकर्यांना" होतं. शेतकऱ्यांवरचं भाषण, विदर्भात, आणि तो शब्द प्रत्येक परिच्छेदात. साहेब अडखळले असते तर दुसऱ्या दिवशी तेच छापून आलं असतं.

मी त्या रात्री कार्यालयात फार वाईट तोंड केलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही. दहाच्या सुमाराला तो टायपिस्ट स्वतः स्कूटरवर परत आला, मफलर गुंडाळून. निवृत्तीला आलेला माणूस. "भाऊ, मले फाइल पायजे हे कोणी सांगतलंच नाही," एवढंच म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. तो फोटोतली पानं मोठ्यानं वाचू लागला, ऑपरेटर पडद्यावर दुरुस्त करू लागला. लाल पेनाच्या दुरुस्त्या फक्त त्यालाच वाचता येत होत्या. अख्ख्या प्रकरणात मला भेटलेला हा एकमेव माणूस ज्याला काम कळत होतं, आणि त्याला कोणी एक चहासुद्धा विचारला नाही. मी खाली टपरीवर जाऊन आणला.

आठवलं म्हणून सांगतो: आकडे काचेवर आकड्यांत ठेवू नका. कोटींचा दशांशासकट आकडा समोर आला की भला माणूस गडबडतो. आम्ही सगळे आकडे अक्षरांत केले, जिथे शक्य तिथे सव्वा, दीड, पावणेदोन. ओळ श्वास सुटेल तिथे तोडा, वाक्य संपेल तिथे नव्हे. इंग्रजी योजनांची नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे. आणि मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द एवढाच हिशेब धरा. वीस मिनिटांसाठी पाच हजार शब्द पाठवणाऱ्यांना तसं सांगा.

मजकूर लागला असं वाटलं तेव्हा मान्यवरांची नावं उरली होती. सकाळी सात वाजता पहिली यादी आली, आठला दुसरी, नऊला एक आमदार वर सरकले आणि एक जिल्हाध्यक्ष खाली. तोवर बॉम्बशोधक पथकानं व्यासपीठ तपासून घेतलं होतं. त्यानंतर वर कोणाला जाता येत नाही, पण मजकूर विंगेतून बदलता येतो, हे नशीब. तरीही मी ऑपरेटरला सांगितलं की नावं काचेवर घ्यायचीच नाहीत. नावं कागदावर, पोडियमवर, ज्यांची यादी त्यांनी ठेवावी. पीए चिडले. चिडू दिलं. कोणाचं नाव राहिलं तर दोष काचेवर जातो आणि काच कोणाची, तर माझी. हा नियम मी आता छापून घेणार आहे. "व्यासपीठावर उपस्थित" या शब्दांनंतर काचेवर फक्त तीन टिंबं, आणि पुढची ओळ "बंधू आणि भगिनींनो".

साहेब आले, नावं कागदावरून घेतली, टिंबांवर अचूक थांबले आणि काचेवर आले. पहिली दोन-तीन मिनिटं काय बोलले मला आठवत नाही, मी ऑपरेटरच्या हाताकडे पाहत होतो. मग मध्येच कोणी तरी "जय विदर्भ" ओरडलं आणि साहेब लिहिलेलं सोडून संत्र्याच्या भावावर घसरले. बराच वेळ. मागे बसलेल्या मॅडम कुजबुजल्या, "पुढे घ्या, पुढे घ्या." ऑपरेटरनं ऐकलंच नाही, ओळ जिथे होती तिथेच धरून ठेवली. साहेब फिरून आले, डावीकडच्या काचेवर नजर टाकली, नेमकी तीच ओळ, आणि असे पुढे गेले की सभागृहातल्या एकाला कळलं नाही. "शेतकऱ्यांना" सगळीकडे शेतकऱ्यांनाच राहिलं.

उघड्या मैदानात, म्हणजे कस्तुरचंद पार्कसारख्या ठिकाणी, करायचं असेल तर दुपारचं ऊन डोक्यात घ्या. साधा मॉनिटर उन्हात दिसतच नाही, जास्त उजेडाचा वेगळा मागवावा लागतो, आणि वाऱ्यानं दांड्या हलतात म्हणून पायांवर वजन टाकावं लागतं. मॉनिटर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर हवेत. पोडियमवर मोठ्या अक्षरांतली छापील प्रत ठेवाच, काचेवर कितीही विश्वास असला तरी. काचा कार्यक्रमाआधी पुसताना हातमोजे घाला, फ्लडलाइट पडला की बोटांचे ठसे कॅमेऱ्यात चमकतात.

मागच्या आठवड्यात त्याच कार्यालयातून फोन आला, साहेबांना पुन्हा काचा हव्यात. मी अटी सांगितल्या: मजकूर युनिकोडमध्ये, आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत, नंतरच्या दुरुस्त्या फक्त एका माणसाकडून, आणि तो माणूस म्हणजे टायपिस्ट. पीए लगेच हो म्हणाले. मी म्हटलं, सहीशिक्क्यानिशी लेखी द्या, मग मुंबईला फोन करतो.