६ जुलैचा वाचक

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना मी मत घडवणाऱ्या लेखांचे विश्लेषण शिकवते. त्या दिवशी वर्गापुढे ‘केसरी’चा ६ जुलै १८९७ चा अग्रलेख होता : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ लेखक कोण, वाचक कोण, प्रसंग कोणता आणि काय घडावे म्हणून हे लिहिले, एवढेच प्रश्न मी फळ्यावर मांडले होते.

बहुतेकांच्या उत्तरात पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याला मारणाऱ्या चापेकर बंधूंचे नाव होते. टिळकांनी त्यांच्या कृत्याची पाठराखण केली, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, पण हे कुणी केलं, हे ६ जुलैला वाचकाला कुठं माहीत होतं?”

त्या प्रश्नाने सगळ्यांना आपापले उत्तर खोडावे लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. मारेकरी कोण, हे अजून उघड झाले नव्हते. ६ जुलैच्या पुणेकराजवळ होती ती प्लेगच्या तपासणीसाठी घरात शिरलेल्या सोल्जरांची ताजी आठवण, आणि दोघांच्या खुनाचा दोष साऱ्या शहराच्या माथी मारला जाण्याची धास्ती. हे ध्यानात घेतले की लेखाचा हेतू वेगळा दिसू लागतो : गुन्हा आणि शहर यांची फारकत करणे.

शिवाय या लेखाला दुसराही वाचक होता. देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे सरकार नियमित करवून घेत असे आणि संपादकांना ते ठाऊक होते. पुणेकराला धीर मिळावा, पण सरकारी टेबलावर कलम लावण्याजोगे वाक्य पोहोचू नये, अशी ही कसरत होती. शीर्षकातला प्रश्न मला म्हणूनच असामान्य वाटतो, कारण त्याचे उत्तर लेखक देत नाही, वाचक देतो.

“मग टिळकांना शिक्षा याच लेखासाठी झाली का?” एकाने विचारले. नाही. २७ जुलैला त्यांना अटक झाली, पण राजद्रोहाच्या आरोपाचा आधार होता १५ जूनच्या अंकातला शिवाजी-उत्सवासंबंधीचा मजकूर, म्हणजे गोळीबाराच्या आठवडाभर आधीचा. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे तो वाचला गेला तेव्हा प्रसंग पार बदललेला होता. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

यावर वर्गात खरा वाद पेटला. एवढ्या वजनाच्या लेखकाने आपले लेखन पुढे कसे वाचले जाईल याचीही जबाबदारी घ्यावी, असे काहींचे ठाम मत होते. मला ते पटत नाही. जे अजून घडलेलेच नाही, ते लेखकाच्या हेतूत घुसडणे अन्यायाचे आहे. पण १५ जूनला शहरातला संताप लेखकाला दिसतच होता, हा त्यांचा मुद्दा मी नाकारू शकले नाही. तेव्हा पुढच्या तासासाठी मी त्यांना १५ जूनच्या मजकुराचे विश्लेषण करून आणायला सांगितले, केवळ २१ जूनपर्यंतच्या माहितीवर.