आपला नाही, तुमचा

अमेरिकेतले गुलामगिरीविरोधी वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचं, चार जुलै या तिथल्या स्वातंत्र्यदिनाबद्दलचं, ५ जुलै १८५२ चं रोचेस्टरमधलं भाषण मराठीत जाहीर वाचायचं ठरलं, तेव्हा अनुवाद झाला की काम झालं असं मला वाटलं होतं.

पूर्ण भाषणाला तासाहून जास्त वेळ लागतो, म्हणून अर्ध्या तासाचा मजकूर बेतला. कापताना मी अमेरिकेच्या संस्थापकांची स्तुती वगळली होती. मोठ्याने वाचून पाहिल्यावर चूक कळली. डग्लस त्यांचं मोठेपण आधी मोकळ्या मनाने मान्य करतात, म्हणूनच 'गुलामाला तुमचा चार जुलै काय?' हा प्रश्न इतका लागतो. तो भाग परत घेतला.

मग पंधरा तुकडे, पंधरा वाचक. अक्षरं मोठी छापली, श्वास घ्यायच्या जागी तिरक्या रेघा मारल्या. अभिनय करू नका, एवढंच सांगितलं. शब्दांत मुळात ताकद आहे.

खरे अडलो ते एका सर्वनामापाशी. माझ्या मसुद्यात 'आपला राष्ट्रीय उत्सव' होतं. सभेत तेच जिभेवर येतं. तालमीत एक ताई वाचता वाचता थांबल्या. "अहो, हा माणूस १८३८ मध्ये गुलामगिरीतून निसटलेला. तो 'आपला' कसा म्हणेल?" मी मूळ पाहिलं. भाषणभर 'तुमचे पूर्वज', 'तुमचं स्वातंत्र्य'. मराठीत 'आपला' आदराचाही असतो आणि सगळ्यांना पोटात घेणाराही, त्यामुळे ते अंतरच पुसलं जात होतं. त्या रात्री एकेक 'आपला' शोधून खोडला.

वाचनाच्या दिवशी वाचक श्रोत्यांतच विखरून बसले. पाळी आली की जागेवरच उठायचं. "हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही," एवढं वाचून एक तरुण थांबला. तिथे रेघ नव्हती. पान हरवलं की काय म्हणून मी घाबरून माझी प्रत चाळू लागले. पान त्याच्या हातातच होतं. तो समोरच्यांकडे बघत होता, आणि कोणी खुर्चीही हलवत नव्हतं. मग त्याने हळू आवाजात पुढचं वाचलं : "तुम्ही आनंद करा, मला शोकच करायला हवा."

पुढच्या वाचनाला डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण घेतलं आहे. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, असं ते त्यात सांगतात. इथे मात्र 'आपण'च हवं. तो तुकडा ताईंनी स्वतःसाठी मागून घेतला आहे.