आई-बाबांच्या सीनियर लिव्हिंगमधलं जेवण : प्लॅन ठरवताना आलेला अनुभव

पुण्याजवळच्या ज्येष्ठांच्या संकुलात आई-बाबांसाठी फ्लॅट भाड्याने घ्यायचं ठरल्यावर भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स हे सगळं पटापट जमलं. घोडं अडलं ते जेवणावर. दर महिन्याला यावरही पैसा जाणार, आणि त्यांची तब्येतही त्यावरच अवलंबून, म्हणून इथे घाई करायची नाही असं आम्ही बहिणींनी ठरवलं.

पाहिलेल्या ठिकाणी तीन तऱ्हा दिसल्या. ट्रस्टच्या वृद्धाश्रमात राहणं-जेवण एकत्र, स्वतंत्र हिशेब नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल आणि सगळं मिळून माणशी महिना 25,000 रुपयांपर्यंत असेल, तर साठीपुढच्यांना त्यावर जीएसटी लागत नाही; ही सवलत 2018 पासून आहे. दुसरीकडे महिन्याचा प्लॅन सक्तीचा. तिसरीकडे, म्हणजे आम्ही निवडलं तिथे, महिन्याचा प्लॅन किंवा कूपन, काहीही घ्या.

तिथले दर असे : नाश्ता 60, दुपारचं जेवण 130, रात्रीचं 110. महिन्याचा पूर्ण प्लॅन माणशी 8,000, शिवाय 5 टक्के जीएसटी. रोजच्या 300 रुपयांच्या हिशेबाने महिन्याचे 9,000 होतात, म्हणजे प्लॅन स्वस्त वाटतो. पण मी विचारलं, "खाडे वजा होतात का?" मॅनेजर म्हणाले, "होतात मॅडम, पण सलग सात दिवस बाहेर असाल तर, आणि आदल्या संध्याकाळी सहापर्यंत कळवलं तरच."

इथेच खरा हिशेब कळला. आईचे चतुर्थी-एकादशीचे उपवास, चार-चार दिवस नाशिकला ताईकडे जाणं, रात्री तिचं दूध-पोळीवर भागणं, यातलं काहीच वजा होणार नव्हतं. दोघांनी फक्त दुपारचं कूपनवर घेतलं तर जास्तीत जास्त 7,800, आणि न जेवलेल्या दिवसाचे पैसे नाहीत. थाळीचा दर सगळेच विचारतात. माझ्या मते आधी खाड्याचा नियम विचारावा.

जेवणाची चव बघायला तिथल्याच एका आजोबांनी सल्ला दिला, "रविवारी येऊ नका, गोडधोड असतं. मधल्या वारी या." ते भोजन समितीत होते. आम्ही मंगळवारी न कळवता गेलो. पोळ्या तव्यावरून थेट ताटात येत होत्या, मऊ. वरण मात्र पातळ, आणि गवारीच्या शेंगा नीट निवडलेल्या नव्हत्या. बाबांनी कवळीत अडकलेल्या शिरा काढत अर्धी भाजी तशीच ठेवली. वय वाढलं की खाणं कमी होतं, प्रथिनांची गरज मात्र कमी होत नाही, त्यामुळे पातळ वरणाकडे काणाडोळा करणं मला शक्य नव्हतं. समितीच्या आजोबांनी हे केटररपुढे मांडलं. आता बाबांना कोशिंबीर किसून मिळते आणि घट्ट वरणाची वाटी वेगळी येते, जादा पैसे न घेता.

खोलीवर डबा पोहोचवायचे प्रत्येक वेळी 20 रुपये होते. दोघांचा मिळून रोज एकच डबा धरला तरी महिन्याला 600. माणूस आजारी असतानाच डबा लागतो, आणि तेव्हाच जादा आकारणं मला पटेना. बरीच बोलणी झाली. शेवटी तिथल्या नर्सने सांगितलं असेल तर पहिले तीन दिवस डबा फुकट, असं ठरलं. हे सगळं करारासोबतच्या पत्रात लिहून घेतलं, शिवाय केटररचं कंत्राट एप्रिलमध्ये नवं होतं तेव्हा दर किती वाढू शकतो, पाहुण्याचं कूपन कितीला, प्लॅन बदलायला किती दिवस आधी कळवायचं.

"सकाळचा चहा-नाश्ता मीच करणार हं," आईने आधीच बजावलं होतं, आणि स्वयंपाकघर चालू राहिलं याचा तिला फार आनंद आहे. दिवाळीनंतर तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. तेवढे दोन महिने दोघांचा पूर्ण प्लॅन घेऊन पुन्हा कूपनवर यायची मुभा पत्रात आहे.