गुंता मुद्दाम करायचा असतो

हेअरस्प्रेच्या डब्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत एक सूचना असते: वीस ते तीस सेंटिमीटरवरून मारावा. ती कुणीही वाचत नाही. डबा कानाशी धरून फुस्स केलं की केस ओले होतात, त्यांवर थेंब जमतात आणि मेहनतीने उभा केलेला केसांचा फुगा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा खाली बसतो.

खरं तर फुगा स्प्रेवर उभा राहतच नाही. तो उभा राहतो गुंत्यावर. आपल्याकडे गुंता म्हणजे रविवार सकाळचं रडगाणं: खोबरेल तेल, आईचे दोन गुडघे, त्यांत अडकवलेली मान, फणी आणि ‘हलू नकोस गं’. बीहाइवमध्ये, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या उंच केशरचनेत, तोच गुंता मुद्दाम करायचा. माथ्यावरची दोनेक सेंटिमीटर रुंदीची बट उभी धरायची, बारीक दातांची फणी मुळापासून चारपाच बोटांवर लावायची आणि खाली टाळूकडे दाबत आणायची. असं तीनचार वेळा. मग तिच्यामागची बट. सगळ्यात पुढची मात्र तशीच सोडायची, कारण तीच वरून पांघरूण घालते. केस नुकतेच धुतले असतील तर ते निसटतात. कालचे, जरा मळके केस गुंता चांगला धरतात. सोडवताना टोकाकडून सुरुवात, नाहीतर मूठभर केस फणीत. ही रचना १९६० मध्ये मार्गारेट विन्ची हेल्ट या शिकागोकडच्या केशरचनाकार बाईंनी एका व्यावसायिक मासिकासाठी केली.

आणि स्प्रे? सुरुवातीच्या काळात त्यात शेलॅक असे, म्हणजे आपली चपडा लाख. पळसावरच्या किड्याची. सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला मारतो तीच. पुढे कृत्रिम रेझिन आलं, पण तत्त्व पॉलिशचंच राहिलं.

या डब्याच्या नावाने अमेरिकन दिग्दर्शक जॉन वॉटर्स यांनी १९८८ मध्ये ‘हेअरस्प्रे’ हा चित्रपट काढला. काळ १९६२, गाव बाल्टिमोर. ट्रेसी टर्नब्लॅड या गुटगुटीत मुलीला टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात जायचं आहे. तिचा फुगा एवढा उंच की शाळेत तिची रवानगी वेगळ्या वर्गात होते. शेवटी तर एका विगमध्ये चक्क बॉम्ब लपवतात, आणि तो भलत्याच वेळी फुटतो.

२००२ मध्ये यावर ब्रॉडवेवर संगीतिका आली आणि तिच्यावरून २००७ मध्ये पुन्हा चित्रपट. तो चकचकीत आहे, पण त्यात सगळे फारच चांगलं नाचतात. तिथेच घोडं अडतं. शाळा सुटल्यावर दप्तर टाकून स्टुडिओत आलेली पोरं होती ती! त्यांचा एखादा हात चुकायलाच हवा, एखादीने शेजारणीच्या पायांकडे चोरून बघायलाच हवं. जुन्या चित्रपटात ते आहे. हल्लीच्या आपल्या डान्स रिॲलिटी शोमध्ये आठ वर्षांचं पोर हवेत दोन कोलांट्या मारतं आणि परीक्षक डोळे पुसतात. त्या पोराला नुसतं नाचताना कधी कुणी बघितलंय का, देव जाणे.

जुन्या चित्रपटातलं मॅडिसन बघावं. हा रांगेतला नाच, कोलंबस, ओहायोकडचा. सहा मोजणीचा. एक, डावा पाय पुढे. दोन, उजवा त्याच्याशेजारी नुसता टेकवून टाळी. तीन, उजवा मागे. चार, डावा उजव्यावरून आडवा. पाच, पुन्हा डावीकडे. सहा, पुन्हा आडवा. घोळ दोनवर होतो. टाळीच्या नादात भार उजव्यावर जातो आणि तीनला मागे टाकायला पायच मोकळा उरत नाही. त्यात गाणं चार मात्रांचं. पाय आणि गाणं बारा मात्रांनी, म्हणजे दोन फेऱ्यांनी, पुन्हा समेवर भेटतात. मधल्या काळात घाबरायचं नाही. मध्येच एकजण हुकूम सोडतो: पायांनी इंग्रजी एम काढा, आता पुसा! गॅदरिंगला विंगेत उभ्या राहून स्वतःच सगळ्या स्टेप्स करणाऱ्या बाई आठवतात. फरक एवढाच की इथे बाई माइकवर आहेत.

ट्रेसीच्या आईचं काम डिव्हाइन या पुरुष नटाने केलंय. बालगंधर्वांच्या शालूंवर वाढलेल्या आपल्या नजरेला हा स्त्रीपार्ट भलताच वेगळा दिसतो. डिव्हाइनची एडना घरच्या झग्यात, हातात इस्त्री घेऊन लोकांचे कपडे करते. नखरा नाही, वैताग आहे. आणि कृष्णवर्णीय मुलांना कार्यक्रमात घ्यायला ठाम नकार देणारा टीव्हीमालकही डिव्हाइनच. चित्रपट लागला आणि काही दिवसांतच, ७ मार्च १९८८ ला, तो गेला. वय ४२.

चित्रपटातल्या नाचाच्या कार्यक्रमामागे एक खरा कार्यक्रमही होता, ‘द बडी डीन शो’. १९५७ पासून चालायचा. नेहमीच्या पोरांची एक ‘कमिटी’ असे आणि तिच्यात घुसणं म्हणजे गावात नाव. गोऱ्या मुलांना रोज, कृष्णवर्णीय मुलांना वेगळा दिवस. चित्रपटात शेवटी सगळे एकत्र नाचतात. ऑगस्ट १९६३ मध्ये प्रत्यक्षातही एकदा पडद्यावर तसं घडलं, नागरी हक्कवाल्यांनी घडवून आणलं. मग धमक्या आल्या, आणि एकत्र नाचू देण्याऐवजी वाहिनीने ४ जानेवारी १९६४ ला कार्यक्रमच बंद केला.

वॉटर्स यांच्या चित्रपटात त्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक, खुद्द बडी डीन, क्षणभर दिसतात. गव्हर्नरांच्या बंगल्यापाशी, बातमीदार म्हणून, आत काय ठरतंय ते विचारत.